भेंडीबाजार, डोंगरी, मोहम्मद अली रोड फिरायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रमजान जवळ आला की आणि दिवाळीच्या सुट्टीत मला हेच हेच प्रश्न येत राहतात. पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून येतात, आणि परदेशातून महिनाभर आलेल्यांकडून तर हमखास. माझं माहेर माझगावचं, म्हणजे डोंगरी हाकेच्या अंतरावर, आणि घरात लग्न असो की नळाची तोटी बिघडलेली असो, सामान याच बाजारातून यायचं. म्हणून इथे एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे शेवटी.

१. हा भाग नेमका कुठून कुठपर्यंत धरायचा?

दक्षिणेला क्रॉफर्ड मार्केट, उत्तरेला जेजे हॉस्पिटल, आणि या दोघांना जोडणारा मोहम्मद अली रोड, जो पुढे जाऊन इब्राहिम रहिमतुल्ला रोड होतो. त्याच्या पूर्वेला रेल्वे लाइनच्या बाजूने मस्जिद बंदर, चिंचबंदर, डोंगरी, उमरखाडी. पश्चिमेला पायधुनी, मुंबादेवी, नळबाजार आणि चोर बाजार. तिथून पुढे गेलात की ग्रँट रोड आणि कामाठीपुरा लागतो. मॅपवर हे अंतर फार नाही, जेमतेम दोन-अडीच किलोमीटर असेल, पण गर्दीतून चालताना वेळ डबल धरा.

२. पहिल्यांदा जातोय, सेफ आहे का खरंच? घरचे नको म्हणतात.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आहे, सेफ आहे. डोंगरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गँगवॉरच येतं, कारण सिनेमे आणि पेपरांनी वर्षानुवर्षं तेवढंच दाखवलं. ऐंशी-नव्वदच्या दशकात इथे टोळ्या होत्या हे खरंय, ९२-९३ च्या दंगलीत हा भाग होरपळला हेही खरंय. पण आज तुम्ही सकाळी दहाला तिथे उभे राहिलात तर काय दिसेल? शाळेत जाणारी पोरं, हातगाड्या, शटर वर करणारे दुकानदार, मशिदीबाहेर पेपर वाचत बसलेले म्हातारे चाचा. धंद्याचा भाग आहे हा, आणि गिऱ्हाइकाला त्रास झालेला कुठल्याच बाजाराला परवडत नाही.

सांभाळायचं ते खिसा आणि मोबाइल, जसं दादर मार्केटला सांभाळता तसं. विशेषतः रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत, तिथे माणसाला माणूस चिकटलेला असतो. दुसरा खरा धोका ट्रॅफिकचा. फुटपाथवर दुकानं आलेली असतात म्हणून रस्त्यावरून चालावं लागतं, मागून हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत येतो आणि त्याच्या गाडीवर पाच-सहाशे किलो माल असतो, त्याला ब्रेक नसतो. आवाज ऐकला की बाजूला व्हा, वळून बघत बसू नका.

बाईमाणूस एकटी जाणार असेल तर प्रश्न १५ बघा, पावसाळ्यात जाणार असाल तर १७.

३. जायचं कसं? गाडी नेऊ का?

गाडी नका नेऊ. पार्किंग नाही, आणि मिळालं तरी परत काढताना अर्धा तास जातो. लोकलने या. मस्जिद स्टेशन सगळ्यात जवळचं, डोंगरी किंवा जेजेच्या टोकाला जायचं असेल तर सँडहर्स्ट रोड, चोर बाजारला वेस्टर्नवाल्यांनी ग्रँट रोडला उतरायचं. मेट्रो तीनने आलात तर सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केट चालत गाठता येतं, बाहेरगावच्या लोकांना हेच सोयीचं पडेल.

टॅक्सी केलीत तर एक गोष्ट बसतानाच सांगा, "ब्रिजच्या खालून घ्या". नाहीतर ड्रायव्हर सवयीने जेजे फ्लायओव्हर धरतो आणि तुम्ही सगळा मोहम्मद अली रोड डोक्यावरून पार करून थेट भायखळ्याच्या बाजूला उतरता, मधे उतरायला जागाच नाही. बाइकवाल्यांना तर या पुलावर बंदीच आहे. पुलाचं अधिकृत नाव कुत्बे कोकण मखदूम अली माहिमी यांच्या नावावर आहे, म्हणजे माहीमच्या दर्ग्याचे ते. आणि हो, रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा येत नाही.

४. कुठल्या वारी जावं?

हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे, आणि इथेच लोकांचा दिवस फुकट जातो.

रविवारी मस्जिद बंदर, अब्दुल रहमान स्ट्रीट, सुतार चाळ हा होलसेलचा पट्टा बहुतेक बंद असतो, पण चोर बाजार आणि बोहरी मोहल्ला चालू असतो, उलट गर्दी कमी म्हणून चालायला बरं. शुक्रवारी चोर बाजारातली मटण स्ट्रीटची दुकानं बंद, आणि दुपारी साधारण साडेबारा ते दोन जुम्म्याच्या नमाजामुळे मशिदींच्या आजूबाजूला खूप गर्दी, त्या वेळात गल्ल्यांतून वाट काढायला जाऊ नका, कुठेतरी जेवायला बसा. शुक्रवारी पहाटेचा बाजार वेगळा, तो प्रश्न १२ मध्ये.

सगळं थोडं थोडं बघायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात. महिन्यांमध्ये म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

५. चालायचा एक रूट सांगा ना, अर्ध्या दिवसाचा.

क्रॉफर्ड मार्केटपासून सुरू करा. महात्मा जोतिबा फुले मंडई हे त्याचं खरं नाव, १८६९ ची इमारत. दारावरची शेतकऱ्यांची दगडी शिल्पं बघा, ती जॉन लॉकवूड किपलिंगची, जे शेजारच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. तिथून जामा मशीद, मग मुंबादेवी, मग पायधुनीचं गोडीजी पार्श्वनाथाचं जैन देरासर. ही तीन ठिकाणं एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत.

पायधुनीवरून मोहम्मद अली रोड ओलांडा, मिनारा मशीद, मग डोंगरीच्या बाजूला इमामवाड्यात मुघल मशीद. ही अजिबात चुकवू नका. इराणी व्यापाऱ्यांनी १८६० साली बांधलेली, निळ्या फरशांची, पुढे झाडं आणि पाण्याचा हौद. बाहेर एवढा गोंगाट आणि आत पाऊल टाकलं की चिमण्यांचा आवाज येतो. पुढे भेंडीबाजारात रौदत ताहेरा, म्हणजे बोहऱ्यांचा मकबरा, आणि शेवट चोर बाजारात.

चार-पाच तास लागतात. वेळ उरला तर मस्जिद बंदरला भात बाजारात केशवजी नाईक कारंजं आहे, १८७६ चं, धान्याच्या आणि मसाल्याच्या गोदामांच्या मधोमध. तिथे माल उतरवणारे हमाल त्याच्या पायऱ्यांवर दुपारी टेकलेले दिसतात.

६. मुस्लिम एरिया आहे ना, मग मल्टिकल्चरल कसं म्हणता?

कारण "मुस्लिम एरिया" या दोन शब्दांत इथलं काहीच येत नाही. रिदा, म्हणजे रंगीत दोन भागांचा बुरखा, घातलेल्या बायका दिसल्या तर त्या दाऊदी बोहरा, मूळ गुजरातेतले, घरात गुजराती मिसळलेली भाषा. मिनारा आणि झकरिया मशीद मेमनांच्या. डोंगरीत खोजा, त्यांचा इमामवाडा. मुघल मशिदीला इराणी. जामा मशीद कोकणी मुसलमानांची. शिवाय यूपी-बिहारचे कारागीर, जे वरच्या माळ्यांवर जरी, बॅगा, चपला बनवतात.

आता गैरमुस्लिम मोजा. पायधुनीचे जैन, मस्जिद बंदरला धान्य आणि मसाल्याच्या व्यापारातले कच्छी भानुशाली, मांडवी आणि डोंगरीचे कोळी, सॅम्युअल स्ट्रीटला बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आणि थोडं पलीकडे माझगावला डॉकयार्ड रोडजवळ चिनी लोकांचं छोटंसं देऊळ, सी यिप टेंपल. हे सगळं मी लहानपणी चालत चालत बघितलंय, त्यासाठी तिकीट काढावं लागत नाही.

गाण्याचं तर वेगळंच. १८९० च्या आसपास मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ या वस्तीत राहिले आणि त्यांची गायकी भेंडीबाजार घराणं म्हणून ओळखली जाऊ लागली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर या घराण्याच्या, आणि लता मंगेशकर सुरुवातीला ज्यांच्याकडे शिकल्या ते अमान अली खाँ भेंडीबाजारवालेही याच घराण्याचे.

७. मराठी माणसाला तिथे आपलं काय सापडणार?

हा प्रश्न विचारला जातो याचंच मला वाईट वाटतं, कारण भरपूर सापडतं.

डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस होते, कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात. तो तुरुंग म्हणजे आजचं उमरखाडीचं बालगृह. आत जाता येत नाही, मुलं राहतात तिथे, पण बाहेरची दगडी भिंत बघता येते.

सॅम्युअल स्ट्रीटवर शार हरहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं. त्यांचं घरचं नाव सामाजी हसाजी. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी हे बांधलं. दिवेकर, पेणकर, केहिमकर ही आडनावं वाचून कळतंच की हे लोक कोकणातले, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात मराठी बोलणारे ज्यू. मस्जिद स्टेशनचं नावही या सिनेगॉगवरून पडलं असं ते सांगतात. आता बहुतेक कुटुंबं इस्राएलला किंवा ठाण्याला गेली, गल्लीत फार कोणी उरलं नाही.

आणि प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत पहिले रुग्ण सापडले, ते ओळखले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. तेव्हा अनेकांना ते पटलंच नव्हतं. पुढच्या वर्षी हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस तयार केली तीही इथेच, जेजेच्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले गेले. आज सँडहर्स्ट रोडवरून सरळ चालताना तुम्ही चालता ते त्या साथीमुळे झालेल्या रस्त्यावरून. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत "प्लेगाच्या साली" असा उल्लेख येतो त्यांनी मांडवीत एकदा तरी जावं असं मला मनापासून वाटतं.

८. मशिदीत, रौदत ताहेरात, सिनेगॉगमध्ये आत सोडतात का?

एक नियम सगळीकडे चालतो, गेटवर थांबायचं, "देखने आए हैं, अंदर जा सकते हैं क्या?" असं विचारायचं, आणि नाही म्हटलं तर हसून निघायचं. नमाजाच्या वेळा सोडून विचारा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी ओढणी जवळ ठेवा, पुरुषांनी रुमाल. बऱ्याच मशिदींत बायकांसाठी वेगळी सोय नसते, तिथे हट्ट धरू नका.

रौदत ताहेरा हा बोहरा समाजाच्या सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा मकबरा, १९७५ साली खुला झाला, पांढऱ्या संगमरवराचा, आतल्या भिंतींवर पूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत. तिथे शांतता फार पाळतात, मोबाइल सायलेंटवर टाकूनच आत जा. जामा मशिदीत खाली पाण्याचा मोठा तलाव आहे, मशीदच त्याच्यावर उभी आहे, १८०२ पासून. सिनेगॉगला शनिवारी जाऊ नका, त्यांचा शब्बाथ असतो, आणि इतर वारी ओळखपत्र बरोबर ठेवा.

९. काय खायचं ते सांगा, बाकी आम्ही बघून घेऊ.

सकाळी आलात तर नल्ली निहारी किंवा पाया, खमिरी रोटीबरोबर. भेंडीबाजारच्या नाक्यावरचं नूर मोहम्मदी १९२३ पासून आहे, निहारीसाठी लोक तिकडे जातात. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी मिळते. एका ओट्यात हंड्या पुरलेल्या असतात, रात्रभर मंद आचेवर, प्रत्येकीत वेगळा भाग, पाया वेगळा, पिचोटा वेगळा, आणि वाढणारा माणूस न बघता या हंडीतून थोडं त्या हंडीतून थोडं असं मिसळून देतो. त्याला "मिक्स" सांगितलं की तुमच्याकडे एक नजर टाकून तोच ठरवतो. वरून आलं, मिरची, लिंबू. तेलकट आहे, जड आहे, अर्धी प्लेट दोघांत घ्या.

गोडात मिनारा मशिदीखाली सुलेमान उस्मान मिठाईवाला, १९३६ चे, मातीच्या शिकोऱ्यातली फिरनी आणि अफलातून नावाची मिठाई घरी न्यायला. आणि ताज आइस्क्रीम, १८८७ पासून. लाकडी पिंप, त्यात बर्फ आणि खडेमीठ, मधे तांब्याचं भांडं, हाताने फिरवून केलेलं संचाचं आइस्क्रीम. दाट असतं, चमच्याला चिकटून राहतं. सीताफळाच्या सीझनला गेलात तर दुसरं काही मागूच नका.

उन्हाने जीव गेला असेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा आहेच, १९०५ पासून.

१०. आम्ही प्युअर व्हेज आहोत, उपाशी राहू का?

अजिबात नाही. पायधुनी ओलांडून मुंबादेवी-काळबादेवीकडे आलात की सगळं शाकाहारीच, भगत ताराचंद आहे, गुजराती थाळीला ठाकर भोजनालय आहे, झवेरी बाजाराची खाऊ गल्ली आहे.

पण एक गोष्ट नीट वाचा. मोहम्मद अली रोडचा प्रसिद्ध मालपुवा अंड्याचा असतो. कढईत घोळ सोडायच्या आधी त्यावर अंडं फोडतात, समोरच दिसतं, तरी गर्दीत लोकांच्या लक्षात येत नाही. फिरनी अंड्याशिवाय असते. बाकी मिठाई, बिस्किटं, नानखटाई, ज्यात शंका असेल ते विचारून घ्या, दुकानदार सरळ सांगतात, त्यांना रोज विचारणारे असतात.

११. मेन्यूवर "बडे का" लिहिलेलं असतं ते काय? नकळत खाल्लं जाईल का?

"बडे का" म्हणजे म्हशी-रेड्याचं, "छोटे का" म्हणजे बकऱ्याचं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी आधीपासून होती, २०१५ पासून बैल आणि वळूवरही बंदी आहे, त्यामुळे जे मिळतं ते म्हशीचंच. तुम्हाला नको असेल तर ऑर्डर देताना "छोटे का है ना?" एवढं विचारा, पाया, निहारी आणि सीख कबाबला तर नक्की विचारा कारण या तिन्ही गोष्टी दोन्हींत मिळतात. कोणी वाईट वाटून घेत नाही. चिकन घेतलंत तर प्रश्नच मिटला.

१२. चोर बाजारात खरंच अँटिक मिळतं का? पहाटेचा बाजार काय असतो?

दोन वेगळे बाजार आहेत. एक मटण स्ट्रीटचा, रोजचा, शुक्रवार सोडून. अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही. इथे जुनी घड्याळं, झुंबरं, पितळी दिवे, सिनेमाची पोस्टरं, कॅमेरे, आणि दारूखाना या जहाजं मोडायच्या जागी मोडलेल्या बोटींमधलं सामान, होकायंत्र, गोल खिडक्या, जहाजाचे कंदील. बोटीचं सामान बऱ्याचदा खरं असतं. भोंगावाला ग्रामोफोन मात्र बहुतेक नवा बनवलेला असतो, शोभेला घ्या, जुना म्हणून पैसे देऊ नका. ओळखायचं कसं, तर स्क्रू बघा. सगळे स्क्रू एकसारखे, चकचकीत, प्लसच्या खाचेचे असतील तर तो तुकडा जुना नाही. पितळेचा हिरवट रंगही अॅसिडने आणता येतो, जिथे हात कधी लागत नाही अशा आतल्या कोपऱ्यात बोट फिरवून बघा.

भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरू करा, पण घ्यायचंच नसेल तर भाव पाडून पळू नका, ते फार लागतं त्यांना. माझा अनुभव असा की पहिल्या चक्करला काहीच न घेता फक्त बोलायचं, ही वस्तू कुठून आली, कशी चालते, मग चहा येतो आणि मग आतली पेटी उघडते.

दुसरा शुक्रवारी पहाटेचा जुम्मा बाजार, दो टाकीच्या बाजूला. अंधारात टॉर्च लावून बूट, कपडे, चार्जर, टूल्स रस्त्यावर मांडलेले असतात आणि उजाडल्यावर काही वेळात आवरतं. बघायला जा जरूर. पण बिलाशिवाय मोबाइल किंवा लॅपटॉप घेऊ नका, तो चोरीचा निघाला तर पोलीस घेणाऱ्याच्या दारात येतात.

१३. अमेरिकेत परत जाताना तिथलं जुनं काही नेता येईल का?

इथे सांभाळा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं, नाणी, कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, हस्तलिखितांना ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. दुकानदार "कुछ नहीं होता" म्हणेल, पण एअरपोर्टवर बॅग तुमची उघडणार. जुनी दिसणारी नवी वस्तू असेल तरी अडवू शकतात, म्हणून बिलावर "नवीन, शोभेची वस्तू" असं लिहून घ्या, आणि महागडी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचं सर्टिफिकेट घ्या. त्याला वेळ लागतो, तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी खरेदी नको.

१४. फोटो, रील काढले तर चालतं का?

इमारतींचे, रस्त्याचे, खाण्याचे, खुशाल काढा. माणसांचे विचारून. बायकांचे आणि मुलांचे विचारल्याशिवाय अजिबात नाही. मटणाच्या दुकानांचे काढून वर काहीतरी कॅप्शन टाकायचं हे बंद करा लोकहो, त्या माणसाचं पोट आहे ते. गल्लीतल्या चाळीच्या जिन्यात शिरून कॅमेरा लावू नका, ते घर आहे कोणाचं तरी, तुमच्या सोसायटीत कोणी असं केलं तर वॉचमन सोडेल का? कारखान्यांच्या माळ्यावर जायचं असेल तर खालच्या दुकानदाराला विचारा, तो बरोबर कोणीतरी देतो.

१५. मी एकटी मुलगी आहे, जाऊ का? आणि टॉयलेटचं काय?

जा. मी कितीतरी वेळा एकटीच जाते. दिवसा काहीच प्रॉब्लेम नाही, बाजारात निम्म्या बायकाच असतात, बोहरी मोहल्ल्यात तर जास्तच. कपडे म्हणाल तर कुर्ता-जीन्स ठीक, पायात बंद बूट. कोणी मागे मागे आलं किंवा बोललं तर सरळ जवळच्या दुकानात शिरून "भाईजान, ये परेशान कर रहा है" म्हणा, बाकी तो बघून घेतो. रात्री उशिरा चोर बाजार आणि कामाठीपुऱ्याकडच्या गल्ल्यांत एकटीने नको, तिथे दुकानं बंद झाली की रस्ते सामसूम होतात. रमजानच्या रात्री जाग असते पण धक्काबुक्की होते, तेव्हा ग्रुपने जा.

टॉयलेट ही खरी अडचण आहे. सीएसएमटी स्टेशनवर जाऊनच निघा, आणि मधे एखाद्या एसी फॅमिली रूमवाल्या हॉटेलात जेवायला बसा म्हणजे तिथलं वापरता येतं. रस्त्यावरच्या सार्वजनिक ठिकाणांच्या भरवशावर राहू नका.

१६. रमजानमध्येच जायचंय, त्याचं वेगळं काय?

तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि चंद्र दिसण्यावर ठरते. दिवसा खायची दुकानं बरीचशी बंद किंवा पडदा टाकलेली, आणि रोजेदारांसमोर खात-पीत फिरू नये एवढं आपल्याला कळायला हवं. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी अर्धा तास सगळं थांबतं, तेव्हा स्टॉलवाल्यांना ऑर्डर देऊ नका, त्यांनाही दिवसभराचा उपास सोडायचा असतो. आठनंतर या, सोमवार ते बुधवार, शेवटचे दहा दिवस आणि शनिवार-रविवार टाळा.

या महिन्यात सांदणं मिळतात, तांदळाची वाफवलेली, वर मलई, कोकणी मुसलमानांच्या घरातला पदार्थ. स्टॉलवर "संदल" म्हणतात. कोकणातल्यांनी चव घ्याच. मालपुव्याबद्दल प्रश्न १० वाचून जा.

१७. पावसाळ्यात जाऊ का? जुन्या इमारती पडतात ना?

पडतात, आणि हा खरा धोका आहे, गुंडांपेक्षा कितीतरी मोठा. २०१७ च्या ऑगस्टअखेर पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी बिल्डिंग पडून ३३ माणसं गेली. २०१९ च्या जुलैत डोंगरीत केसरबाई बिल्डिंगचा भाग कोसळला. पागडीची घरं, भाडं नाममात्र, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू घर सोडू शकत नाही कारण एकदा बाहेर पडला की परत येईल याची खात्री नाही. त्यात वरती माळे चढवलेले. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

तुम्ही पाहुणे, दोन तासांसाठी जाणार, तर जोराच्या पावसात टेकू लावलेल्या इमारतींखाली आडोशाला उभे राहू नका, आणि पाणी भरलेल्या गल्लीत चालू नका, गटारांची झाकणं दिसत नाहीत.

१८. ऐकलंय सगळं पाडून टॉवर होणार आहेत. मग बघायला काय राहील?

सगळं नाही. भेंडीबाजारातला साधारण साडेसोळा एकरांचा पट्टा सैफी बुऱ्हाणी ट्रस्ट क्लस्टर पद्धतीने, म्हणजे अनेक जुन्या इमारती एकत्र पाडून, बांधतोय, त्यात अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांवर कुटुंबं आणि हजारावर दुकानं येतात. काही टॉवर उभे राहिलेत, लोक राहायलाही गेले. डोंगरी, पायधुनी, चोर बाजाराचा मोठा भाग अजून जुनाच आहे. मला जुन्या लाकडी गॅलऱ्या गेल्याचं वाईट वाटतं, पण वर लिहिलेल्या ३३ माणसांचा विचार केला की तिथे राहणाऱ्याला पक्कं छप्पर मिळालं ते बरंच झालं. गूगलवरचा पत्ता जुना असू शकतो, दुकानं तात्पुरती हललेली असतात, नाक्यावर विचारा.

१९. आई-बाबांना आणि लहान मुलांना घेऊन जमेल का?

रूट अर्धा करा. क्रॉफर्ड मार्केट, मुंबादेवी, फालुदा, परत. गुडघ्यांचा त्रास असेल तर मुघल मशिदीपर्यंत टॅक्सी करा. बाबागाडी नका आणू, ढकलायला जागा नाही.

२०. पैसे देऊन टूर घेणं बरोबर आहे का? गरिबी बघायला गेल्यासारखं वाटतं.

कोण नेतंय त्यावर आहे. तिथलाच माणूस नेत असेल, दुकानदारांना नावाने ओळखत असेल, मधे खरेदीला वेळ देत असेल तर घ्या. वीस जणांना मायक्रोफोनवरून माहिती देत गल्लीतून काढणारा असेल तर नको. स्वतः गेलात तर काहीतरी विकत घ्या, निदान चहा प्या, पाव किलो मसाला घ्या. तुम्ही गिऱ्हाईक झालात की बोलणं आपोआप सुरू होतं.

२१. मोहरम किंवा ईद-ए-मिलादला गेलो तर?

मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत डोंगरीत काळे झेंडे, रात्री मजलिस, नाक्यानाक्यावर सबील, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सरबत आणि पाणी. दिलं तर घ्या, पैसे काढू नका. हा दुखवट्याचा काळ आहे, भडक कपडे आणि मोठ्याने हसणं-खिदळणं तेवढे दिवस नको. दहाव्या दिवशी आशुराचा जुलूस डोंगरीकडून माझगावच्या रहमताबाद कबरस्तानाकडे जातो, रस्ते बंद असतात, मातम, म्हणजे छाती पिटून शोक, करताना रक्त दिसू शकतं, मुलांना नेऊ नका आणि जवळून फोटो काढू नका.

ईद-ए-मिलादचा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघतो. पण कॅलेंडरवरच्या सुट्टीच्या दिवशीच तो असेल असं धरू नका. २०२३ ला ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा विसर्जनाची गर्दी लक्षात घेऊन जुलूस दुसऱ्या दिवशी काढला होता. तेव्हा गणपती आणि ईद जवळजवळ येत असतील त्या वर्षी आदल्या आठवड्यात ट्रॅफिक पोलिसांची सूचना बघा आणि मगच ट्रेनचं तिकीट काढा.